ढीग बसेपर्यंत

"उतरलं का गं?"

आईचा आवाज बांधावरून यायचा. मिठागरावर माणसं एकमेकांना बघत नसत, ऐकत असत. दुपारी वाफ्यांमधून ऊन असं उलटं उसळायचं की डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. त्या पांढऱ्या झळीत आई कुठे, दादा कुठे, काही उमगायचं नाही. म्हणून तिथे जो तो आपल्या आवाजाएवढाच असे. आईची हाक उथळ पाण्यावरून घसरत, थोडी ओली होऊन यायची, आणि ढिगापाशी उकिडवी बसलेली ती पोर ढिगाच्या पोटात बोट खुपसायची, जिभेला लावायची, डोळे बारीक करायची आणि ओरडून सांगायची, "नाही. कडू आहे अजून." त्यावर आई म्हणायची, "मग बसू दे." एवढंच बोलणं. नव्या मिठात समुद्राचं कडू पाणी अडकलेलं असतं. ढीग करून ठेवला की ते हळूहळू खाली झिरपतं, मातीत जातं, आणि वर राहतं ते खाण्याचं मीठ. घाई करून भागत नाही. ढीग बसला की नाही हे सांगायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान जिभेचं, कारण मोठ्यांच्या जिभा स्वतःच्या घामानेच खारावलेल्या. लाकडी फळीने मीठ ओढता ओढता आई म्हणत राहायची,

पाण्याला सुकू द्यावं, सुकता हाड दिसे
ढिगाला बसू द्यावं, बसता राग नासे

हाड आणि राग या शब्दांनी पोरीला जरा भीती वाटायची, पण तीसुद्धा गोड भीती, पुन्हा म्हण म्हणावं अशी.

आज सकाळी, इतक्या वर्षांनी, कचेरीच्या लिफ्टमध्ये तो आवाज तिच्या कानाशी यावा असं खरं तर काही घडलं नव्हतं. लिफ्ट नेहमीचीच, कण्हत वर चढणारी, एका भिंतीला डागाळलेला आरसा. ती शिरली तेव्हा आत एक माणूस आधीच होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल नाही, पिशवी नाही. या इमारतीत ज्यांचं काम अडलेलं असतं त्यांच्या हातात काहीतरी असतं, आणि ज्यांचं झालेलं असतं त्यांचे हात मोकळे असतात. त्याने तिच्याकडे आरशातून पाहिलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "ताई, तुम्हीच ना त्या? चव घेणाऱ्या?"

आपण हो म्हणालो की नुसती मान हलवली, ते तिला नंतर आठवेना.

"तुमच्या जिभेचे फार उपकार झाले हो आमच्यावर," तो म्हणाला. "खाणवाल्या साहेबांनी मुद्दाम सांगितलंय, जीभबाई भेटल्या तर नमस्कार सांग."

मजला आला, दार उघडलं, आणि घरातल्या थोर बाईला द्यावी तशी त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली. बस्स. कुणी धमकावलं नाही, कुणी काही पुढे केलं नाही. पण कॉरिडॉरमधून चालताना तिच्या तोंडातलं पाणी आटलं, आणि आपली जीभ म्हणजे कुणीतरी आपल्या तोंडात ठेवायला दिलेली वस्तू असावी तशी ती जड लागू लागली. गिळावी तरी पंचाईत, थुंकावी तरी पंचाईत.

जीभबाई हे नाव खात्यातलंच. अन्नखात्यात यंत्रं होती, रसायनं होती, पण शेवटी माणूस यंत्राने जेवत नाही, म्हणून तिघांची एक चवसमितीही होती. चवखोलीत पांढऱ्या भिंती, तीन कप्पे, मधल्या फळ्या खांद्याएवढ्याच, प्रत्येक कप्प्याला एक छोटी खिडकी. खिडकी सरकायची, एक हात वाटी आत ठेवायचा, वाटीवर नाव नाही, नुसता आकडा. पलीकडचा हात कुणाचा तेही कळू नये अशी व्यवस्था. चाखायचं, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, लिहायचं. या नोकरीपायी तिने तिखट सोडलं होतं, अत्तर सोडलं होतं, सुगंधी साबणही. लेक लहान असताना एकदा तिच्या कुशीत शिरून म्हणाली होती, "आई, तुला कसलाच वास येत नाही." लाडानेच म्हणाली होती. पण ते वाक्य तिच्या अंगावर कित्येक दिवस पाल पडल्यासारखं राहिलं. आपल्या अंगाला कुणाचाच वास नाही. आईच्या अंगाला किती होता. चिखलाचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या लुगड्याचा.

समितीतले दुसरे थोरले. त्यांना सगळे थोरलेच म्हणत. त्यांची जीभ सिगारेटींनी केव्हाच धुराला लावलेली, आणि ते लपवतही नसत. "मी तुझं तोंड बघतो आणि लिहितो," ते म्हणायचे. "तुझ्या कपाळाला आठी पडली की कडू. माझी जीभ म्हणजे तुझं कपाळ." तिसरी नवी मुलगी, ती थोरल्यांच्या कागदाकडे बघायची. म्हणजे समिती तिघांची असली तरी चव एकीचीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं. नियम एकच कडक होता: ज्या वस्तूची चव घ्यायची त्या वस्तूच्या धंद्यात चव घेणाऱ्याचं रक्ताचं माणूस असता कामा नये. असेल आणि लपवलं असेल, तर चाचणी रद्द, आणि चव घेणाऱ्याची नोकरीही.

नोकरीच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला होता, आणि नवऱ्याने शेजारी बसून हळूच सांगितलं होतं, "वडील वारलेत ना तुझे? मग झालं. वारलेल्या माणसाला धंदा नसतो." त्याला हसू आलं होतं आणि तिलाही. मग आईचं काय, दादाचं काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मीठ कधी चाचणीला येईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मिठाची कसली चव घ्यायची? मीठ म्हणजे मीठ.

पण डोंगरात मिठाची खाण निघाली. म्हणजे खाण होतीच, ती एका माणसाला मिळाली. तो मंत्र्यांचा मेहुणा, आणि मंत्री एकच, खाणीचेही आणि अन्नाचेही. "खाण आणि खाणं," थोरले चहा पिताना म्हणाले होते, "मध्ये नुसतं एक टिंब. ते टिंब म्हणजे मेहुणा." नवी मुलगी तोंडातला चहा सांडेपर्यंत हसली. मग थोरल्यांनी आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. डोंगर पाण्याच्या भावाने मिळाला, ठीक. पण लोक मिठागराचंच मीठ खातात, स्वस्त आहे, सवयीचं आहे. डोंगर पोखरून काढलेलं घेणार कोण? तेव्हा आधी डोंगर घ्यायचा आणि मग गिऱ्हाईक तयार करायचं. नवा नियम येतोय, खाण्याच्या मिठाला कडवटपणा चालणार नाही. ज्या मिठागराचं मीठ कडू निघेल त्याचा परवाना जाईल, आणि परवाना गेलेली किनाऱ्यावरची जमीन खाणीच्या मालासाठी धक्का बांधायला मिळेल. "म्हणजे एकाच दगडात..." नवी मुलगी म्हणाली. "दगड नाही गं," थोरले म्हणाले, "दगड कशाला मारतील? वाटी ठेवतील आपल्यापुढे."

आणि वाटी आली. तो दिवस ती आज पुन्हा पुन्हा चाखत होती. खिडकी सरकली, हात आला, वाटी राहिली. तिने चिमूट उचलली, जिभेच्या शेंड्यावर ठेवली, आणि ठेवल्याबरोबर ओळखलं. तिथे समुद्र खाडीच्या एका वळणाने आत येतो, वळणावर शेवाळ असतं, आणि त्या मिठाला अगदी शेवटी, बाकी सगळं विरल्यावर, एक हिरवी पुसट सावली लागते. जगात दुसऱ्या कुठल्या मिठाला ती नाही. आमचं मीठ. तिच्या पोटात काहीतरी उघडलं, एखाद्या बंद घराची खिडकी वाऱ्याने उघडावी तसं, आणि त्या खिडकीतून पांढरी झळ आत आली, आणि झळीतून हाक. उतरलं का गं? मीठ उतरलेलं नव्हतं. ढीग कोवळा होता, काल-परवा ओढलेला, कुणीतरी घाईने भरून आणलेला. कडू पाणी जसंच्या तसं आत होतं. आणि तिचं तोंड, तिची समजूत काही ठरवायच्या आत, लहानपणी शंभरदा म्हटलेलं म्हणालं. कडू आहे अजून. तिच्या कपाळाला आठी पडली. शेजारच्या कप्प्यात थोरल्यांनी लिहिलं. नव्या मुलीने लिहिलं. तिच्या पुढ्यातल्या कागदावर दोनच चौकोन होते, कडू आणि कडू नाही. अजून या शब्दाला चौकोन नव्हता.

खोटं ती बोललीच नव्हती, हीच तर मेख होती. खोटं बोलली असती तर ते मागे घेता आलं असतं. खरं कसं मागे घेणार? आईपुढे तिने कधी कडूला गोड म्हटलं नव्हतं, एकदाही नाही, आणि तिचा तो सगळा लहानपणीचा मान, सगळ्या वाफ्यांत जिच्या शब्दावर ढीग थांबायचा तो मान, त्या दिवशी तिच्या जिभेवर बसून बोलला. तिकडे तिने कडू म्हटलं की माणसं थांबत. इथे तिने कडू म्हटलं आणि माणसं धावत सुटली. ढीग अजून बसायचाय, हे तिला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, बाई, तुम्हाला कसं ठाऊक? आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे तिचं शासकीय निवासातलं घर होतं, लेकीचं कॉलेज होतं, नवऱ्याचं ते हसू होतं. तिने चूळ भरली.

कप्प्यात जाऊन ती बसली, पण आज चाखायला काही नव्हतं. नियमावर शेवटची बैठक होती दुपारनंतर. फोन वाजला. दादा.

"कामात आहेस का गं?"

"नाही, बोल."

दादाला ती सरकारी कचेरीत कागदपत्रं बघते एवढंच माहीत. कोणते कागद, कसले, हे त्याने कधी विचारलं नाही. मोठ्या भावांना धाकटीची नोकरी हा अभिमानाचा विषय असतो, माहितीचा नसतो. "इथे नोटीस आलीये," तो म्हणाला. "आपलं मीठ कडू म्हणे. आणायला आले तेव्हा मी बोंबलून सांगत होतो, ओला ढीग आहे, हात लावू नका, पलीकडचा न्या, तो बसलाय. तर गाडीवाला म्हणतो मला हाच सांगितलाय. तुमच्याकडे कुणी जीभवाला आहे म्हणे, त्याने चाखून सांगितलं. ओळखतेस का त्याला?"

तिने पाण्याचा पेला हातात धरला. "नाही."

"कुणी असेल शहरातला पोपट, गोड खाऊन खाऊन जीभ सुजलेला. त्याला म्हणावं, बाबा रे, आमच्याकडे हे पोरंटोरं सांगतात. आमची धाकटी सांगायची, वीतभर होती तेव्हा."

मागून वहिनीचा आवाज आला, "द्या इकडे," आणि मग वहिनीच बोलली, "वन्सं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका हो. यांना सारखं बोलायची सवय आहे. पण तुमच्या कुणा साहेबाच्या कानावर घालता आलं तर बघा. परवाना गेला तर आम्ही करायचं काय? यांना दुसरं येतं काय? वाफ्याबाहेर उभं केलं तर हे उभ्या उभ्या वाळतील."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण हा शब्द सासरी गेल्यापासून माहेरी प्रत्येक गोष्टीला देत आलो. बघते. त्या झळीत काही दिसायचं नाही म्हणून हाक मारायची पद्धत होती. आपण हाकेला उत्तर म्हणून बघते म्हणत राहिलो.

ती उठून मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम खात्याच्या प्रमुख. तिला नोकरीवर घेतलं त्यांनी, बाळंतपणात तिची बाजू लढवली त्यांनी, तिच्या जिभेची कीर्ती चार लोकांत नेली त्यांनी. जुलूम करणारा साहेब असता तर सोपं गेलं असतं. मॅडम डबा उघडून बसल्या होत्या आणि डब्यातलं अर्धं झाकणावर काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. "खा. तोंड का असं?"

"मॅडम, ते मिठाचं. ढीग बसलेला नव्हता. थोडे दिवस थांबलं असतं तर कडू पाणी उतरलं असतं."

मॅडमनी घास चावून संपवला. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मला माहीत आहे, थोरल्यांना माहीत आहे, ज्याने ढीग निवडला त्याला तर माहीत होतंच. अगं, तुला काय वाटलं, इथे माहितीची कमी आहे?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊच झाला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "तुला हवं तर बैठकीत मांड. मी लिहून घेईन, सूचनेची नोंद घेतली. नोंद घेतली की ती गोष्ट या इमारतीत मरते, हे तुला मी सांगायला हवं का? नियमात कुठेही म्हटलेलं नाही की नमुना बसलेल्या ढिगाचा हवा. मुद्दामच म्हटलेलं नाही. वस्तूत खोट दाखवून चाचणी रद्द होत नाही. चव घेणाऱ्यात खोट असेल तरच होते. मग सगळं पहिल्यापासून, नवे चाखणारे, आणि नमुना मालकाच्या देखत, त्याच्या पसंतीचा." त्या हसल्या, आणि तिच्या मनगटावर हात ठेवला. "आणि तुझ्यात कसली खोट काढणार? तुझ्यासारखी स्वच्छ जीभ मी आयुष्यात पाहिली नाही. खा ना. गार होतंय."

तिने खाल्लं. सगळं नीट शिजलेलं होतं, मीठ बेताचं होतं. खाणीचं मीठ, तिच्या लक्षात आलं. शेवटी काही लागत नाही, सावली नाही, कुणाचाच वास नाही. मॅडमच्या निवृत्तीला थोडंच राहिलं होतं, त्यांच्या टेबलावर मोकळ्या हातांच्या कुणीतरी ठेवलेलं फुलांचं भांडं होतं, आणि त्या फुलांकडे मॅडम एकदाही बघत नव्हत्या. म्हणजे याही अडकल्यात, तिला वाटलं. पण त्यांचं दार बाहेरून लावलेलं आहे. माझं आतून.

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, खाली फाटक दिसायचं. त्या फाटकाशी एकदा आई आली होती. काही न कळवता, डोक्यावर मिठाची लहान गाठोडी, बसलेल्या ढिगाचं मीठ, लेकीच्या नव्या संसारासाठी. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, कोण तुम्ही त्यांच्या? ती धावत खाली पोचली तेव्हा आईचं उत्तर होऊन गेलं होतं. रखवालदार म्हणाला, "बाई, या तुमच्या ओळखीच्या आहेत म्हणतात." आईने तिच्याकडे पाहिलंही नाही धड. डोळे बारीक करून, झळीत उभं राहिल्यासारखी ती भिंतीकडे बघत होती. नंतर रस्त्याच्या कडेला, सावलीत, तिने विचारलं, "आई, असं का म्हणालीस?" आई म्हणाली, "तुझा नवरा सांगून गेला होता ना दादाला, कचेरीत मिठागराचं नाव नको म्हणून. मग? ओळखीची आहे म्हटलं. खोटं काय त्यात? तुला मी ओळखत नाही होय?" आणि पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसून, तिच्या अंगाला वास नाही हे जाणवल्यासारखी क्षणभर थबकून, आई परतीच्या वाटेला लागली. ती आत जाताना थोरल्यांनी विचारलं होतं, कोण गं? आणि ती म्हणाली होती, ओळखीच्या. आईचा शब्द तिने आईसारखाच उच्चारला. आई गेली तेव्हाही इथे कुणाला कळलं नाही. ओळखीच्या बाई गेल्या तर सुतक कसलं? ती दुसऱ्या दिवशी येऊन एका सरबताची चव घेऊन गेली होती, आणि ते तिला खारट लागलं होतं, आणि तिने गोड असं लिहिलं होतं. आयुष्यात एकदाच चुकीचं लिहिलं.

बैठकीची खोली लांबट, टेबलही लांबट, वर पंखे आणि खाली प्रत्येकापुढे पाण्याचा झाकलेला पेला. मॅडम मधोमध. एका बाजूला कायदा बघणारे गृहस्थ, दुसरीकडे समितीचे तिघे. भिंतीलगतच्या खुर्चीत सकाळचा तो मोकळ्या हातांचा माणूस, निमंत्रित म्हणून. त्याने तिला पाहून किंचित मान झुकवली. कायदेवाल्यांनी मसुदा वाचायला घेतला. भाषा अशी की मीठ हा शब्द त्यात फिरून फिरून यायचा आणि तरी कुठे खारट लागायचा नाही. थोरले पेन्सिलीने कागदावर जहाज काढत होते. नवी मुलगी त्यांचं जहाज बघत होती. बाहेर ऊन टळटळीत होतं आणि खिडक्यांना पडदे होते, पण एका पडद्याला चीर होती, आणि त्या चिरेतून उन्हाची पट्टी टेबलावर पडली होती. काचेच्या पेल्यावर ती उसळून थेट तिच्या डोळ्यांत येत होती. तिने खुर्ची सरकवली नाही. पांढऱ्यात पांढरं मिसळलं, मॅडमचा चेहरा गेला, कायदेवाल्यांचा गेला, तो माणूस गेला, राहिले नुसते आवाज.

मग तिच्या लक्षात आलं की आपण मनात हिशेब करतोय, आणि हिशेब लागत नाहीये. घर एका पारड्यात, वाफे दुसऱ्यात, असं ते नव्हतंच. दादाने तिच्यावर काही लादलं नव्हतं, आईने काही मागितलं नव्हतं. उलट आईने तिला सोडवलं होतं, एका शब्दात, फाटकाशी. इतकं छान सोडवलं होतं की तेव्हापासून ती कुठे बांधलेलीच राहिली नव्हती, आणि जे कशाला बांधलेलं नाही ते कुणाच्याही हाती लागतं, कुणाच्याही लिफ्टमधून वर येतं, कुणाचेही नमस्कार घेतं. ढीग कोवळा आहे हे या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त एकच गोष्ट कुणाला माहीत नव्हती, आणि ती तिच्या तोंडात होती, इतकी वर्षं झिरपत झिरपत तळाशी गेलेली. कडू पाणी उतरून जावं आणि वर काहीतरी कोरडं, पांढरं, टणक राहावं, तसं आता तिथे एकच वाक्य राहिलं होतं.

"...चवसमितीचा निष्कर्ष एकमताचा आहे," मॅडमचा आवाज झळीतून आला. "तेव्हा प्रथेप्रमाणे विचारते. कुणाला काही सांगायचंय?"

हा प्रश्न दर बैठकीत होतो, आणि त्यानंतर खुर्च्या सरकतात. कुणाची तरी खुर्ची सरकलीसुद्धा. थोरल्यांनी जहाजाला शीड काढलं आणि सवयीने, काय लिहायचं ते बघायला, तिच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळाला आठी नव्हती.

ती बोलली तेव्हा तिचा आवाज खोलीला फार मोठा झाला. समोरच्या माणसाशी कुणी इतक्या मोठ्याने बोलत नाही. उथळ पाण्यापलीकडे, दूरच्या बांधावर, जिथे काही दिसत नाही तिथे पोचवायचा असावा असा तो आवाज होता.

"मॅडम, ते मीठ आमचं आहे. माझ्या भावाने ओढलेलं. आणि त्या फाटकाशी आल्या होत्या, त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या. माझी आई होती ती."